एक फळी वर

वेसाव्याच्या पालिका शाळेत, बाकं भिंतीला लावून,
मी त्यांना म्हटलं, समुद्र वाढतोय, दाखवा.
अकरा जणींनी हात वर केले.
मीही तेच शिकले होते: दोन पताक हस्त,
मनगटातून लाट, नजर क्षितिजावर,
भय म्हणजे भुवया.

दमयंती टपके मात्र उभीच.
सकाळचा बाजार करून आलेली, नखांत खवले.
म्हणाली, "पानी असा येत नाय गो बाय.
हात वर करून कोन येतं चोरी करायला?"

मग तिने चपला काढल्या.
डाव्या पायाचा अंगठा फरशीवरून उचलला,
जरासाच,
ओलं लागल्यावर उचलतो तसा.
मोरीकडे पाहिलं.
(मोरी नव्हती तिथे. आम्हा सगळ्यांना दिसली.)
वाकून काहीतरी उचललं, पाठीच्या बाकावरून कळलं,
सिलिंडर. तो खाटेवर.
तांदळाचा डबा एक फळी वर.
रेशनकार्ड, नवऱ्याचा फोटो,
मिक्सर, त्याची वायर गुंडाळून, एक फळी वर.
मग झोपलेलं मूल दोन्ही हातांवर घेतलं
आणि फळ्या संपल्या.

ती तशीच राहिली.
हात भरलेले, मान वळतेय इकडे, तिकडे,
घरातच घर शोधत.

ढोलकीवरचा हरेश्वर केव्हाच थांबला होता.
त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

"असं कधी होतं?" मी विचारलं. वहीत लिहायला.
"आदी उधाणाला पायरी भिजायची.
आता भांगाला पन."
भांग म्हणजे, तिने मला समजावलं,
दर्याचा सुट्टीचा दिवस.
"आता सुट्टी नाय घेत तो."

कार्यक्रम नरिमन पॉइंटला आहे,
समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवर,
सभागृह थंड, खुर्च्या मखमली.
मी लाटा काढून टाकल्या. निळी ओढणीही.
म्हटलं, प्रत्येकीने आपापल्या घरातलं उचला.
एकीने शिलाई मशीन उचललं, दोघींना बोलावून.
एकीने नुसती कोंबडी, काखेत.
एकीने सासऱ्यांना; ते ऐकेनात, तेही तिने नाचून दाखवलं,
सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या.

मी नवव्या मजल्यावर राहते.
मला काय उचलावं सुचेना.
तेव्हा दमयंती चालत आली, घोट्याएवढ्या पाण्यातून,
पाय ओढत, सावकाश,
आणि ते मूल तिने माझ्याकडे दिलं.
तिच्या हातात काही नव्हतं.
माझी कोपरं खाली गेली.