दिवा फिरून येईपर्यंत

वेंगुर्ला बंदरात, बर्फाच्या कारखान्यात
अण्णा हिशेब लिहायचे.
शाळा सुटली की मी तिथे, वजनकाट्यामागे,
मांडीवर गिटार,
सावंतवाडीहून एसटीत उभ्याने आलेली.
लाद्या फोडायचं यंत्र धडधडायचं
आणि मी त्याच्याशी शर्यत लावायची.
त्याचा एक ठोका, माझे चार सूर.
मग सहा. दहावीच्या सुट्टीत आठ.
अण्णांना सुरांतलं कळत नसे, आकड्यांतलं कळे.
"काल सहा होते ना?" म्हणत, आणि खूश होत.

कायतान होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा.
डाव्या हाताची अनामिका दोरात सापडून
कायमची वाकलेली, गळासारखी.
हाताचं ग्रीस पुसत दारात उभा राहिला,
ऐकलं सगळं, अगदी शेवटपर्यंत,
आणि विचारलं,
"चेडवा, तुझ्या पाठसून कुत्रो लागलो काय गो?"

आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.
नवव्या दिवशी गेले, कारण तार तुटली होती
आणि बसवून देणारा बंदरात तोच एक.

खारी हवा तारा खाते. महिन्याभरात
हाताला लोखंडाचा वास, बोटांवर तांबूस रेघा.
त्याने खोबरेलात बुडवलेल्या चिंधीने
एकेक तार पुसली,
शेंबड्या पोराचं नाक पुसावं तशी.
मग समोर बोट केलं. दीपगृह.
"एकच सूर वाजव. दिवो फिरान येयसर धर."

वाजवला. उजेड गेला होड्यांवरून,
जेटीच्या टोकावरून, पाण्यावर.
सूर आधीच संपला.
पुन्हा. पुन्हा संपला,
दिवा अजून कुठेतरी निवतीच्या अंगाला.
म्हटलं, तारेत दमच तेवढा आहे.
उरलेल्या वेळाचं काय करू?
"ताच तर वाजवचा आसा."

मला पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही.
रत्नागिरीच्या स्पर्धेत मी आठाच्याही पुढे गेले,
टाळ्या पडल्या, चषक मिळाला,
त्यात आता पेनं ठेवते.
परीक्षक म्हणाले, "हात तयार आहे."
वाजवलं काय होतं, ते त्यांना आठवेना.
परतताना कणकवलीच्या स्टँडवर
मलाही आठवेना.

मला वाटायचं, बोट वाकडं, म्हणून हा हळू.
न जमणाऱ्याचं तत्त्वज्ञान.
नाताळच्या आदल्या रात्री मात्र
काजूचे दोन पेले झाल्यावर
त्याने माझी गिटार ओढून घेतली
आणि पळाला.
तीन बोटांनी, चौथं हवेत,
असा पळाला की नातालीन
नेवऱ्यांचा झारा हातात धरून उभीच,
कढईतलं तेल करपलं.
मग मधेच थांबला.
दिवा आला, भिंतीवरून गेला.
परत आला.
तेव्हा कुठे पुढचा सूर, एकच,
आणि गिटार माझ्या मांडीवर.
"जळलेल्यो तुका," नातालीन म्हणाली. मला नाही, त्याला.

आता रविवारी माझ्याकडे सहा मुलं येतात.
कारखान्याला कुलूप, यंत्र भंगारात.
यांच्या मोबाइलात टिकटिक असते, एकशे ऐंशी, दोनशे.
शिरोड्याचा वेदांग विचारतो,
"बाई, किती स्पीड आला की चांगलं म्हणायचं?"
समुद्राचं उदाहरण द्यायला तोंड उघडते
आणि मिटते. उधाणाला समुद्रही धावतोच की.
"पळता आलंच पाहिजे," म्हणते,
आणि खोलीतला दिवा घालवते.

खिडकीतून उजेड येतो,
सहा तोंडांवरून जातो.
प्रत्येकी एक सूर.
कुणाचा तिसऱ्या सेकंदाला मरतो, कुणाचा पाचव्या.
मग कुणी खोकतं, कुणी पायावरचा डास मारतं.
वेदांगचं बोट अजून तारेवर.
काही वाजत नाहीये
आणि तो ते थांबवत नाही.