तिरफळ

पपया नर्सरीच्या अलीकडे, सर्व्हिस रोडला माझी गाडी.
फळ्यावर पिवळा ड्रॅगन,
सातपूरच्या पेंटरनं काढलेला, म्हणून जरा सरड्यासारखा,
आणि खाली ठळक अक्षरात: शेजवान.
सतरा वर्षं हा शब्द विकतोय मी,
फुल नाहीतर हाफ.

डिसेंबरात कंपनीत मशीन बसवायला तांग आला.
दुसरी पाळी सुटल्यावर
कानटोपी घालून कढईच्या वाफेशी उभा राहिला.
चटणी बोटानं चाखली, फोनशी काहीतरी पुटपुटला,
आणि फोन बाईच्या आवाजात मराठीत म्हणाला:
"शेजवान माझे घर आहे. हे माझे घर नाही."

खडकबहादूर हसला. मी नाही हसलो.
बेडगी, लसूण, व्हिनेगर, चिमूटभर रंग.
घर कुठून येणार त्यात?

मग रोज यायला लागला.
पत्र्याच्या कट्ट्यावर सोयासॉसचं बोट फिरवून
नकाशा काढायचा.
वर गहू. हातावर ओढत ओढत लांबवलेल्या शेवया.
(माझी आई यावलची, हातावर मांडे फिरवणारी,
तिला हे लगेच पटलं असतं.)
एका मुलखात व्हिनेगर मुरवतात वर्षानुवर्षं,
बापानं भरलेला रांजण पोरगा उघडतो.
वाळवंटाच्या अंगाला मटणाला जिरं.
आणि खाली दर्याकाठी मासा नुसता वाफेवर,
आलं, पातीचा कांदा, संपलं.
आजाऱ्याचं जेवण, मी म्हणालो.
फोननं त्याचं काय केलं कुणास ठाऊक,
तांग दोन दिवस फिरकला नाही.

तिसऱ्या दिवशी विचारलं, मंच्युरियन कुठलं रे?
त्यानं पार वर, बर्फाच्या टोकाशी थेंब टेकवला.
तिथे कोबी आंबवतात, म्हणाला.
गोळे? नाही. गोळे नाहीत.

आणि तुझ्या घरी काय?
फोन अडला. मग म्हणाला: "तोंडात मुंग्या."
खडकबहादूरनं झटकन बरणीत डोकावून पाहिलं.

हर्षला मागे पात चिरत होती.
कुडाळची बाई. उठली,
बांगड्याच्या आमटीसाठी जपलेली पुरचुंडी सोडली
आणि दोन तिरफळं त्याच्या तळव्यावर ठेवली.

त्यानं आतलं काळं बी नखानं उडवलं,
नुसतं टरफल दाताखाली धरलं,
अगदी ती करते तसंच.
डोळे मिटले.
फोन खिशातच राहिला.
थंडी मरणाची होती, त्र्यंबककडून वारं येत होतं,
आणि गिऱ्हाईक ओरडत होतं, दोन ट्रिपल राईस, दोन!

तांग फेब्रुवारीत गेला.
फळा तोच आहे; पेंटर एका शब्दाचे सहाशे मागतो.
पण गल्ल्यामागे एक बाटली असते आता,
तेलात कुटलेलं तिरफळ, मेनूत नाव नसलेलं.
आवडत्या गिऱ्हाइकाला थेंबभर सोडतो.

काल पाळीवरचा एक पोरगा घाबरला,
शेठ, ओठ कळेनात माझे.

म्हटलं, थांब. पाणी पिऊ नको.
आत्ता कुठे पोचतोयस.