नऊ मीटर मागे

मैल म्हणजे चार फेऱ्या आणि वर नऊ मीटर,
हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं,
ऑरेगनमधल्या यूजीन गावात, हेवर्ड फील्डवर,
जुलैच्या पहिल्या गुरुवारी.
म्हणून शेवटच्या रेषेवर उभं करत नाहीत आपल्याला,
तिच्या नऊ मीटर मागे करतात.
आधी मागची बाकी फेडा, मग मोजू.

पाच डॉलर भरले की कुणीही पळावं अशी ही संध्याकाळ.
इथे विक्रम झालेत. गावातले लोक त्याबद्दल बोलताना
आवाज खाली आणतात,
चप्पल बाहेर काढून ठेवल्यासारखा.
बारा हजार खुर्च्या.
चाळीस भरलेल्या.
एका खुर्चीवर माझी पर्स, तीही प्रेक्षकच.

आमची हीट शेवटची, म्हणजे सगळ्यांत संथ.
मारिबेल, जी बेकरीत पहाटे तीनला भट्टी लावते.
फुटबॉलचे बूट घातलेला अकरा वर्षांचा थेरॉन.
प्लायवूडच्या कारखान्यातून निवृत्त झालेला डेल्बर्ट,
वय अठ्ठ्याहत्तर, गुडघ्याला पट्टा, कानात यंत्र.
आणि मी. भोंग्यावरून माझं नाव आलं:
व्हेजंटी कुटवॅड.
मी हात वर केला. दुसरं कोण असणार?

खोऱ्यात मैलोनमैल गवताच्या बियाण्याची शेतं,
या दिवसांत अख्खं गाव शिंकतं.
पिस्तुलाच्या आधी थेरॉन शिंकला
आणि आम्ही तिघं निघालो.
परत बोलावलं.

भोरच्या शाळेत मैदानावर फक्कीच्या रेघा असायच्या,
खो-खोच्या डावात निम्म्या पुसल्या जायच्या,
मग बाद कोण, यावर भांडण.
इथली रेघ पुसत नाही.
पायाखाली हे रबर, थोडं उशी, थोडं ढोकळा,
पाऊल उचलून परत देतं.
पहिली फेरी मला वाटलं, अरे, मी धावणारी आहे!
दुसऱ्या फेरीत ते वाटणं बरगडीखाली येऊन बसलं
आणि टोचायला लागलं.

तेवढ्यात घंटा.
पितळेची, खणखणीत,
मधल्या सुट्टीनंतर वर्गात पळवणारी.
शेवटची फेरी!
मी सगळं काढलं. मांडीत होतं ते,
मांडीत नव्हतं ते,
गेल्या वर्षी सहीसाठी कागद पुढे आले तेव्हा
गिळलेलं एक वाक्य, तेसुद्धा.
तोंड उघडं, केसांचा चिमटा कुठे पडला ठाऊक नाही,
शेजारून मारिबेल केव्हाच निघून गेली होती,
मी तिच्या पाठीमागे, रेषेकडे, रेषेवर,
रेषेपलीकडे दोन्ही हात वर.

निळ्या टोपीतली बाई घड्याळावरून नजर न काढता म्हणाली,
अजून एक.

घंटा मारिबेलची होती.

मी उभी राहिले. खरंच उभी राहिले,
हात अजून वरच.
चाळीस लोकांपैकी कुणी हसलं नाही,
त्याचा राग आला.
मागून खरडत खरडत पावलं आली.
"दरवर्षी होतं माझं," डेल्बर्ट म्हणाला,
"म्हणून मी घंटेच्या वेळी यंत्र बंद करतो."
आणि न थांबता पुढे गेला.

त्याच्या पाठीवरचा नंबर एकाच पिनेला लटकलेला,
वाऱ्यानं उलटा. मी तो वाचायचा म्हणून धावले.
बोलावं काही असं नव्हतं,
बोलायला हवाही नव्हती.
दुसऱ्या वळणावर मैदानात पोरं अडथळे आणून मांडत होती,
आमची शर्यत संपल्यात जमा धरून.
शेवटच्या सरळीवर तो बाहेर सरकला,
आतली वाट मला ठेवून.
मी ती घेतली. आभार मानले नाहीत.
त्याला मी हरवलं, चार पावलांनी,
आणि मला फार बरं वाटलं.

दहा मिनिटं सहा सेकंद.
थेरॉन केव्हाचा बसून संत्रं सोलत होता.
विचारलं, मधे हात का वर केले होते?
मी म्हटलं, सराव.
त्यानं अर्धं संत्रं पुढे केलं
आणि शिंकला,
बरोबर त्याच्यावर.