अंदाजाचा अंक

सोहार बंदराच्या अलीकडे
समुद्र गोड करायचा कारखाना आहे.
गोड झालेल्या पाण्यात
खारटपणा किती उरला,
ते मी रात्रपाळीला बघतो.

ब्युरेटमधून थेंब. थेंब. मग एका थेंबाला
पिवळं पाणी विटकरी होतं आणि तसंच राहतं.
मी गुडघ्यात वाकून
डोळा पातळीवर आणतो :
१२.४ इथवर काचेवर रेघ आहे.
पुढचा आकडा काचेवर नाही, तो नजरेने ठरवायचा.
मी शून्य ठरवतो. वहीत लिहितो : १२.४०.

मैथा अल-बलूशी, तीन आठवड्यांची शिकाऊ,
कॅल्क्युलेटर पुढे धरते : ४३.९५८.
हे शेवटचे दोन कुठून आणलेस?
मशीनने दिले.
मशीनला काय जातंय,
आपल्याला एकेक आकडा डोळे फोडून मिळवावा लागतो.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, मी मोडक्या अरबीत सांगतो.
ती हसते. त्यांच्याकडेही हीच म्हण आहे,
फक्त गोधडीची.

मग मी बाटली फिरवून लेबल दाखवतो : ०.०१००.
डावीकडचे शून्य नुसते जागा धरून आहेत,
आमच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसे.
उजवीकडचे दोन मात्र तिकीट काढून बसलेत.
एक धरून सार्थ अंक तीनच.
म्हणजे उत्तरालाही तीन.
बाकी कुणी कितीही बारीक मोजलं असो,
ज्याने सगळ्यांत ढोबळ मोजलं
त्याच्याच चालीने सगळ्यांनी चालायचं.

ती लिहिते, ४४.
नाही. ४४.०.
सर, शून्याने काय फरक पडतो?
त्या जागी बघितलं, आणि काही नव्हतं,
एवढा फरक पडतो.

पहाटे खोलीवर येतो.
खोलीत आम्ही चौघे. हे चार मोजपट्टीने काढलेले नाहीत,
हे पलंग मोजून चार,
कितीही शून्यं लावा, खरेच राहतील.
पगाराच्या चिठ्ठीवरही
रियालच्या पुढे तीन शून्यं असतात.
बैशापर्यंत चोख.
ती मी फार वेळ बघत नाही.

सव्वासहाला देवरुखहून फोन.
सुगंधा म्हणते, निमिषाचा फ्रॉक आखूड झालाय,
उंची घेतली आत्ता,
सव्वाशे भरली.
कशाने घेतलीस?
शिवणाच्या टेपने, आणि कशाने.
ती टेप माझ्या ओळखीची आहे,
लग्नाच्या आधीपासूनची, टोकाला उसवलेली,
ब्लाउजं मापून मापून सैल पडलेली.
निमिषा सरळ उभी होती का? टाचा टेकल्या होत्या?
अहो, ती कुठे उभी राहते.

गेल्या सुट्टीत मी स्वतः घेतली होती,
स्टीलच्या पट्टीने, डोक्यावर पाटी आडवी धरून,
दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण : १२१.३.
दोनदा घेतली होती.
पट्टी ओढायचा तो आवाज आवडून
तिनेच तिसऱ्यांदा घ्यायला लावली होती.

मशीनला विचारलं तर म्हणेल, ३.७.
पण ते तीन मिलिमीटर माझे एकट्याचे आहेत,
टेपला ते माहीत नाहीत,
त्यांना खाली सोडावं लागतं.

हे मी मैथाला अजून शिकवलेलं नाही.
गुणाकार-भागाकारात निदान अंक मोजून कापले जातात.
वजाबाकीत, दोन मोठ्या संख्या
एकमेकींच्या जवळ आल्या की
तीन-तीन, चार-चार अंक घेऊन बसता
आणि उठताना हातात एक.

चार सेंटिमीटर.
चौदा महिन्यांचे.
एकच अंक, तोही अंदाजाचा.

तरी वहीच्या मागच्या पानावर लिहितो.
नियमच आहे तसा :
शेवटच्या अंकाची खात्री नसते,
पण तो लिहायचा.

पुढे दशांशचिन्ह देत नाही.
पडदा ओढतो. बाकीचे तिघे झोपलेत.