निखळलेली पाकळी

जालन्याच्या छावणीतल्या लिलावात
चुलत्यानं उचललं, बाभळीच्या भावात शिसम.
थोडं फिरवलं की लिफाफ्यासारखं उलगडतं,
चार त्रिकोण, आत हिरवी बनात
कसरीनं खाल्लेली, कोपऱ्यांना वाट्या
साहेबांच्या पैशांसाठी.
आम्ही त्यांत वाण ठेवतो : सरकी, करडई, मका.
गिऱ्हाईक चिमटीत धरून बघतं,
दाताखाली फोडतं.

वरच्या त्रिकोणांवर
पिवळ्या लाकडाची वेल जडवलेली.
तिच्या फुलाचं बी आमच्या दुकानात नाही,
इकडं कुणी ते पाहिलेलंही नाही.
एक पाकळी निखळली होती.
मुस्तकीम मिस्त्रीनं बोरीची बसवली,
पॉलिशचा बोळा फिरवत म्हणाला,
"दोन सालांत मिसळून जाईल."

सात झाली.
अजून तांबडीच आहे.
भाव सांगताना माझं बोट
नेमकं तिथं जातं.