लाईन : अर्थ लिहा

गाईडमध्ये तीनच दिलेत :
रांग, रेषा, ओळ.
चेतना गिरासे पेन्सिलचं टोक चावत विचारते,
टीचर, चौथा लिहिला तर मार्क कापतील का?

दोंडाईच्यात, स्टेशनच्या अलीकडे,
पत्र्याखाली माझी शिकवणी. सहा पोरं, एक पंखा,
आणि तो बंद, कारण
लाईन नाही.

हाच घे की चौथा, मी म्हणते.
सकाळी गेली. अकराला येईल, सुपडूअण्णा सांगून गेला.
तो लाईनमन. खांबावर चढतो तेव्हा
सगळी गल्ली मान वर करून उभी राहते,
एरवी त्याला कुणी चहाही विचारत नाही.

पाचवा सुरतेकडून येतो, भुसावळला जातो.
कादिरचं घर त्याच्या पलीकडे,
म्हणून पत्ता विचारला की तो गल्ली सांगत नाही,
लाईनपार म्हणतो, आणि फाटक लागलं होतं
हे उशिराचं कारण त्याला रोज फुकट मिळतं.

सहावा मी सांगत नाही.
मागे बसलेली दोघं हसतात,
म्हणजे त्यांना येतो.

सातवा लाल आहे.
मार्केटच्या मागे उन्हात पसरलेली मिरची
आणि तिच्या कडेनं बायकांची लाईन,
देठ खुडणाऱ्या, किलोवर पैसे.
माझी माय, केवळबाई, त्या लाईनीत तेवीस वर्षं बसली.
घरी आली की हात आधी पाण्यात, मग ताकात,
तरी रात्री मला हात लावायची नाही,
डोळ्यांत जाईल म्हणून.
ताप बघायचा तर
कपाळाला गाल टेकवायची.

ती तिला रांग म्हणाली नाही कधी. ओळ तर नाहीच.
आमच्या तोंडात ळ टिकत नाही.
शाळेची शाया होते, केळीची केयी,
डोळा पुसला तरी डोयाच.
धुळ्याला डी.एड.ला असताना
मी पुस्तक धरून उभी राहिले आणि म्हणाले,
पहिली ओय वाचते.
तो वर्ग अजून हसतो आहे कुठेतरी.
पुढची दोन वर्षं मी लाईनच म्हणत राहिले :
पहिली लाईन, दुसरी लाईन, खालून तिसरी लाईन.
शब्द साहेबाचा, त्यात ळ नाही,
त्यातून कुणाला माझं गाव ऐकू येत नाही.
सगळ्यांना वाटलं, पोरगी इंग्रजीत हुशार.

हा कितवा अर्थ, मी मोजलेला नाही.

मागच्या पोळ्याला माय सिव्हिलमध्ये होती.
हिची लाईन लागत नाहीये, नर्स म्हणाली,
तीन ठिकाणी टोचलं, चौथ्यांदा लागली.
मी टांगलेल्या बाटलीकडे बघत बसले.
सलाईन.
स म्हणजे सह. लाईनसह.
फोड करायची सवय, तिथेही सुटली नाही.
काय वाची राह्यनी? मायनं विचारलं.
काहीच नही, म्हटलं.
ती छताकडे बघत राहिली, थेंब पडत राहिले,
मग एकदम म्हणाली,
घर लाईन उनी व्हई का वं? पानी भरनं शे.

टीचर, चौथा लिहू का?
नको, तीनच लिही. तपासणारा कुठला असेल, सांगता येत नाही.
ती पट्टी ठेवून समास आखते,
रांग लिहिते, रेषा लिहिते,
ओळ लिहिताना जीभ बाहेर काढून
ळ ची दोन्ही वेटोळी सावकाश पुरी करते,
छापल्यासारखी.
मग वाचून दाखवते :
रांग, रेषा, ओय.

मी दुरुस्त करत नाही.
सव्वाअकरा झालेत, पंखा तसाच आहे,
कादिर वहीनं वारा घेतोय, थोडा तिलाही देतोय.