विरजण

तिकीट नाही. फक्त घंटेची दोरी ओढायची.
कुत्रा भुंकतो, मग ओटमार ड्युरबेक येतो,
पायांत रबरी बूट, खांद्यावर ओलं फडकं,
आणि आम्हा सात जणांना बोटाने मोजतो,
जणू आजच्या गाडीतून उतरलेली पोतीच आम्ही.

"डोकं सांभाळा," म्हणतो. चौकट बुटकी आहे.
पाच पिढ्यांनी इथेच कपाळं फोडून घेतली,
पण सुतार कुणी बोलावला नाही.

आत गोडूस, ओलसर ऊब.
मोड आणून भाजलेले सातू गरम पाण्यात पडताहेत.
गिरणीचा चामडी पट्टा फिरतो,
दर फेरीला एक शिवण कप्पीवर आपटते:
टप्. मग बराच वेळ नुसती सळसळ. टप्.

तांब्याची ही कढई पहिल्या महायुद्धात जाणार होती.
जप्तीवाले दारात आले तेव्हा कुनिगुंडे ड्युरबेकने
धाकट्या पोराला आत निजवलं, वर घोंगडी टाकली,
म्हणाली, घटसर्प झालाय, या, उचला दोघांना.
ते जिन्यावरूनच परत गेले.
पोराला तिथेच झोप लागली होती,
संध्याकाळी शिडी लावून काढावं लागलं.

मोठ्या कंपनीने हे सगळं विकत मागितलं होतं.
ते पत्र फ्रेम करून संडासात लावलंय.

मग तो एका खिळ्यापाशी थांबतो.
खिळ्याला दुधाचा डबा, कडी वाकलेली.
बासष्टच्या हिवाळ्यात यांचं यीस्ट मेलं.
सहा दिवस पिंपांवर फेस नाही,
आणि घरात कुणी मोठ्याने बोलेना.
पलीकडच्या गावात फॉइटमान, धंद्यातले वैरी,
एक सोयरीक मोडल्यापासून तोंड न पाहणारे.
ओटमार नऊ वर्षांचा. त्यालाच पाठवलं,
पोराला कोण हाकलणार?
पोचला तेव्हा दिवेलागण झालेली.

(आमच्याकडे तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत,
घरातली लक्ष्मी जाते म्हणतात.
हे मी तिथे बोलले नाही.)

फॉइटमानीणबाईंनी डबा भरला,
थंडी लागू नये म्हणून आपली शाल गुंडाळली,
पोराला नव्हे, डब्याला.
"शाल परत आण," एवढंच.

फॉइटमानांची भट्टी पुढे बंद पडली.
तिथे आता टायर बदलून मिळतात.
"लेबलावर नाव आमचं," ओटमार म्हणतो,
"पण आत जिवंत आहेत ती माणसं त्यांची."

तळघर वालुकाश्मात खोदलेलं. श्वास दिसतो.
त्याची मुलगी उलरिके पिंपाला तोटी ठोकते,
एक घोट घेते, आणि आमच्या डोक्यांवरून
बापाकडे बघून भुवई उचलते.
मग तो आपला पेला नाकाशी नेतो,
डोळे मिटतो, पितो, म्हणतो, "झकास."

माझ्या शेजारी निवृत्त टपालवाली, हेडविग.
पुटपुटते, चार वर्षांपूर्वी ताप आला होता,
त्यात याची चव गेली, वासही. परत आलेच नाहीत.
सगळ्या गावाला माहीत आहे.
गावाला माहीत आहे, हे त्याला माहीत नाही.

पेला जड. मी पिते.
तो पुढ्यात येऊन उभा राहतो, विचारतो, "कसं आहे?"
सहज विचारल्यासारखं.
पण फडकं त्याने मुठीत धरलंय.

माझं जर्मन मोडकं. आधी कडसर, सांगते,
मग पावाच्या करपलेल्या कडेसारखं,
मग, मग शब्द संपतात,
आणि मी मराठीत शिरते: तुरट, जिभेच्या मागे,
आवळा खाऊन पाणी प्यावं ना, तसं काहीतरी,
आणि शेवटी थोडी भिजल्या मातीची चव.

त्याला एक अक्षर कळत नाही.
मान एका बाजूला कलती करून तो ऐकत राहतो.
वर, गिरणीत, टप्.
"आणि?" तो विचारतो. "त्याच्यानंतर?"